राजारामच्या छातीतली हवा

राजारामचा आवाज म्हणजे डिलाईल रोडची सार्वजनिक मालमत्ता होती. समितीचा मोर्चा निघायचा असला की लाऊडस्पीकर मिळो ना मिळो, राजाराम मिळालाच पाहिजे. माणूस ताडमाड उंच, अंगावर मांस म्हणाल तर सुक्या बोंबलाइतकं. पण त्यानं एकदा 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' अशी हाळी दिली की 'झालाच पाहिजे' म्हणायला पलीकडच्या रस्त्यावरची माणसंसुद्धा तोंड उघडायची. "गिरणीचा भोंगा बिघडला तर ह्याला धुराड्यावर उभा करा," असं दगडू म्हणायचा आणि राजाराम खूश व्हायचा.

दगडू त्याचा दोस्त. गिरणी एकच, राजाराम रिंगखात्यात सूत काढायला, दगडू साळखात्यात कापड विणायला. राजाराम बीडीडी चाळीतला, गेल्या डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर हजारो माणसांबरोबर दीक्षा घेऊन बौद्ध झालेला. दगडू लालबागचा, मूळचा मालवणकडचा, बुटका, छातीनं रुंद आणि डोक्यानं गरम. कुणी डिवचलं की पेटलाच म्हणून समजा. दोघांची गाठ पडली ती गोळीबाराच्या दिवसांत. अश्रुधुरानं आंधळे होऊन एकाच गटाराच्या कडेला बसले होते, आणि एकाच ओल्या फडक्यानं दोघांनी डोळे पुसले. तेव्हापासूनची दोस्ती.

सत्तावन्न सालची दिवाळी सरली आणि प्रतापगडाची हाक आली. दिल्लीचे पाहुणे गडावर महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला येणार, त्यांना काळी निशाणं दाखवायला मुंबईतून ट्रक सुटणार. माणसं गोळा करायला रोज संध्याकाळी फेऱ्या निघायच्या. अशाच एका फेरीत, नायगावच्या वळणावर, घोषणा देता देता राजारामच्या उजव्या कुशीत अशी कळ आली की घोषणा अर्धीच राहिली. लोकांनी सवयीनं 'झालाच पाहिजे' म्हणून टाकलं, आणि राजाराम कूस दाबून फुटपाथवर टेकला.

"उसण भरली," तो म्हणाला.

आता उसण भरली म्हटल्यावर पुढचं औषध काय, ते लालबागला शेंबड्या पोरालाही ठाऊक. पायाळू माणसाची लाथ! आणि दगडूची बायको अंबिका पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. अख्ख्या चाळीच्या पाठी तिनं मोकळ्या केल्या होत्या. दगडूनं राजारामला घरी नेलं, गॅलरीत गोधडी टाकून पालथा निजवला, आणि अंबिकेनं पदर खोचून, "माफ करा हां भावजी," म्हणत त्याच्या पाठीला हलके पाय लावले. राजारामला बरं वाटल्यासारखं झालं. माणसाला बरं वाटायचं असलं की वाटतं.

त्याची बायको कौसल्या मात्र ऐकून भडकली. कौसल्या म्हणजे एका शब्दाला दोन शब्द देणारी बाई.

"बावीस प्रतिज्ञा घेऊन आलात आणि पायाळूची लाथ खाऊन बसलात?" ती नवऱ्याला म्हणाली. मग दगडूकडे वळली. "आणि काय हो भावजी, लाथ मारायला विटाळ होत नाही वाटतं?"

दगडू हसला. वहिनी थट्टा करतायत असं त्याला वाटलं.

लाथेनं काही भागलं नाही. मग लसणीचं तेल झालं, विटेचा शेक झाला, कुणी सांगितलं म्हणून छातीला फडकं आवळून झालं. राजाराम पाळीवर जात राहिला. खाडा केला तर बदलीवाला आपल्या जागी बसेल ही एक धास्ती, आणि ट्रक सुटायच्या आधी बरं व्हायचं हा दुसरा हट्ट. जिना चढताना तो मध्येच थांबायला लागला. बोलताना वाक्य तुटायला लागलं. ज्याच्या हाळीनं कबुतरं उडायची तो माणूस बायकोला पाणी मागताना पुटपुटायला लागला, तेव्हा कुठं कौसल्येनं दगडूला बोलावणं धाडलं आणि दोघांनी मिळून त्याला व्हिक्टोरिया घोडागाडीत घालून परळच्या इस्पितळात नेलं. तोवर आठवडा उलटून गेला होता.

तिथले डॉक्टर हेमचंद्र विजयकर, गिरगावातले, वयानं लहान पण बोलायला नीट. त्यांनी छातीचा फोटो काढला, उजेडाला धरला, आणि कौसल्येला जवळ बोलावलं.

"हे डावं फुप्फुस. आणि उजवं, ते बघा, एवढंसं. मिटून कोपऱ्यात बसलंय. फुप्फुसाला बारीक भोक पडलं, हवा निसटून छातीच्या पोकळीत साठली, आणि तिनंच त्याला दाबून टाकलं. ही उसण नव्हे."

"टीबी?" कौसल्येनं विचारलं. तो शब्द तोंडातून काढायला तिला फार जोर लागला.

"नाही. उंच, सडपातळ माणसांना होतं असं कधी कधी, काही कारण नसताना. घाबरू नका. ही हवा बाहेर काढली की फुप्फुस आपोआप उघडेल. फक्त लवकर यायला हवं होतं."

दगडू मागं उभा होता. त्यानं खाली बघितलं. अंबिकेच्या लाथा त्याला आठवल्या.

बरगड्यांच्या मधून राजारामच्या छातीत रबरी नळी घातली. तिचं दुसरं टोक खाटेखाली एका मोठ्या काचेच्या बाटलीत, पाण्याखाली बुडवलेलं. राजारामनं श्वास सोडला किंवा खोकला की पाण्यात बुडबुडे उठायचे. छातीतली हवा बाहेर पडायची, आणि पाण्यामुळं परत आत जाऊ शकायची नाही. बाटलीच्या बुचाला आणखी एक आखूड नळी होती, ती नुसती मोकळी, बाटलीतली हवा बाहेर जायला. सिस्टर डिमेलोनं बजावून ठेवलं होतं: बाटली उचलायची नाही, नळीवर बसायचं नाही, बूच काढायचं नाही. नळीला तोंड लावायचं नाही असं काही ती म्हणाली नव्हती. ते सांगावं लागेल असं कुणाच्या स्वप्नात तरी येईल का?

पहिल्या दिवशी बुडबुडे भरपूर आले. दगडू पाळी सुटली की धावत यायचा आणि आधी खाटेखाली डोकावायचा, मग दोस्ताच्या तोंडाकडं बघायचा. पुढं बुडबुडे कमी झाले, मग फारच थोडे उरले. पुन्हा फोटो काढला. "भोक बुजलंय. फुप्फुस निम्मं उघडलंय," डॉक्टर म्हणाले. "आता घाई करायची नाही. उरलेलं हळूहळू उघडेल."

"दुखणं येतं हत्तीच्या पावलानं आणि जातं मुंगीच्या पावलानं," कौसल्या म्हणाली. डॉक्टर हसले, "अगदी तस्सं," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडं गेले.

पण राजारामला मुंगीचं पाऊल परवडणारं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळच्या भेटीच्या वेळेला दगडू आला तेव्हा तो उशीला टेकून छताकडं डोळे लावून बसला होता. कौसल्या तांब्या भरायला नळावर गेली होती, आणि सिस्टर वॉर्डाच्या त्या टोकाला एका म्हाताऱ्याशी हुज्जत घालत होती.

"निम्मं!" राजाराम म्हणाला. आवाज असा की शेजारच्या खाटेला ऐकू जाऊ नये. "ट्रक सुटतील रे दगडू. आणि मी इथं बाटलीला बांधलेला बैल."

"जाशील रे. एवढी घाई काय?"

"अर्ध्या श्वासानं घोषणा देऊ? 'मुंबईसह' म्हणायचं आणि 'संयुक्त'साठी उद्या या म्हणून सांगायचं?"

दगडूला हसू आलं. तो खाली वाकून बाटली बघायला लागला. पाणी निवांत. एकही बुडबुडा नाही. बुचातली ती आखूड नळी त्याच्या नजरेला पडली, आणि त्याच्या डोक्यात एकदम लखलखाट झाला.

"अरे, ही आत उरलेली हवा ओढून काढायची! आपण सूत ओढतो तशी!"

साळखात्यातलं काम ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगायला हवं. विणता विणता, मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपलं की नवी कांडी बसवायची, आणि धोट्याच्या बारीक भोकाला ओठ लावून सुर्रकन श्वास ओढायचा. सूत भोकातून बाहेर येतं. पाळीभर हेच चाललेलं. ह्या कामात दगडूचा हात, म्हणजे तोंड, धरणारा खात्यात कुणी नव्हता. इतरांना दोनदा ओढावं लागायचं तिथं ह्याचं एकदाच.

आणि ह्याच धोट्यापायी राजारामसारख्यांना साळखात्यात पाय ठेवता येत नव्हता. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागतो. महाराच्या तोंडचा आपण कसा लावायचा, असं खात्यातले म्हणायचे. पगार तर तिथं चांगला. राजारामनं मागं एकदा तिथं जागा मागितली होती. खात्यातली माणसं जमली, नाही म्हणाली, आणि दगडू त्या घोळक्यात उभा राहून एक शब्द बोलला नव्हता. राजारामनं दोस्तीत तो विषय कधीच काढला नाही. आज काढला.

"तू ओढणार? माझ्या छातीतली हवा?" तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते. "बघ हां. माझं तोंड तुमच्या धोट्याला चालत नाही, आणि तुझं तोंड माझ्या नळीला चालेल? खात्यात कळलं तर गोमूत्र पाजतील मेल्या तुला."

दगडूच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. राग आला, आणि त्या रागाच्या खाली लाज होती, ती त्याहून जास्त. काही बोलला असता तर खोटं बोलला असता.

"गप रे!" एवढंच म्हणून तो गुडघ्यांवर बसला, खाटेखाली डोकं घातलं, आखूड नळी ओठांत धरली आणि ओढली.

बाटलीतलं पाणी नुसतं खदखदलं! बुडबुड्यांवर बुडबुडे. दगडूनं दम घेतला, पुन्हा ओढली. पुन्हा. छातीनं रुंद गडी, बाटली उकळल्यासारखी वाजायला लागली.

"अरे... सुटलं काहीतरी," वरून राजाराम म्हणाला. "मोकळं वाटतंय रे! ओढ, ओढ!"

दगडूनं ओढली. इतकी ओढली की बुडबुडे संपले, आणि तो घाम पुसत उठला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. त्या क्षणी दगडूला जेवढा आनंद झाला तेवढा त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. आपण ह्याचं काहीतरी फेडलं, असं त्याला मनापासून वाटलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, हे अजून कळायचं होतं.

कौसल्या तांब्या घेऊन आली तेव्हा राजारामला बारीक खोकला लागला होता. तिनं पाणी दिलं, त्यानं दूर सारलं. खोकला थांबेना. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, लोक उठायला लागले, आणि राजाराम दोन्ही हातांनी खाट धरून वाकला. छातीतून घुर्रघुर्र असा आवाज यायला लागला. मग तोंडातून फेस आला, गुलाबी, साबणाच्या पाण्याला कुंकू लागावं तसा. कौसल्येनं किंकाळी फोडली.

सिस्टर धावत आली, तिच्यामागून डॉक्टर विजयकर. त्यांनी स्टेथोस्कोप लावून छाती ऐकली, नाडी बघितली, राजारामचे निळे पडलेले ओठ बघितले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सकाळी निम्मं उघडलेलं फुप्फुस, भोक बुजलेलं, बाटली ठीकठाक. मग हे काय?

"आत कुठं रक्तस्राव होतोय की काय," ते सिस्टरला म्हणाले. "नाडी फार जलद आणि क्षीण लागतेय. सलाईन लावा, लवकर. दोन बाटल्या आणा."

दगडू भिंतीला टेकून उभा होता. कुणीही त्याच्याकडं बघत नव्हतं. जिना चार पावलांवर, बाकीचे भेटायला आलेले लोक उतरत होते, त्यांच्यात मिसळून हाही उतरला असता तर कुणाला काही कळलं नसतं. राजाराम सांगू शकत नव्हता. त्याला श्वासच पुरत नव्हता. दगडूचे पाय खरोखरच जिन्याकडं वळले. ते आता सांगताना लपवायचं कशाला? भीती वाटली त्याला. पोलिसांची वाटली, डिलाईल रोडच्या पोरांची वाटली, आणि तोंड दाखवायला जागा उरणार नाही याची वाटली. मग राजाराम पुन्हा खोकला, आणि फेस त्याच्या हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळला.

"डॉक्टरसाहेब!" दगडू ओरडला. "मी केलं! मी ओढली!"

"काय ओढली?"

"हवा. नळीला तोंड लावून. ती छोटी नळी... आम्ही धोट्यातनं सूत ओढतो तशी. बुडबुडे संपेपर्यंत ओढली."

डॉक्टर गर्रकन त्याच्याकडं वळले. "तोंडानं?"

"होय. भरपूर."

"सलाईन थांबवा!" डॉक्टर ओरडले. "थेंबभरसुद्धा नको. उठवून बसवा त्याला, पाय खाली सोडा. प्राणवायू आणा. रबरी पट्टे आणा हातापायांना बांधायला."

मग एकच धावपळ झाली. राजारामच्या नाकाशी प्राणवायूची नळी आली, दंडांत इंजेक्शनं गेली, मांड्यांना आणि दंडांना आळीपाळीनं पट्टे आवळले गेले, म्हणजे छातीकडं रक्त कमी यावं. हे सगळं चालू असताना डॉक्टर दातओठ खात बोलत होते, दगडूला की स्वतःला कुणास ठाऊक.

"आठवडाभर मिटून पडलेलं फुप्फुस, ते एका दमात फाडकन उघडलंत. त्यातल्या शिरा झिरपायला लागल्या. माणूस स्वतःच्याच पाण्यात बुडतोय, आणि मी त्याला वरून आणखी पाणी भरणार होतो! छातीतलं पाणी भसाभस काढलं की असं होतं, हे पुस्तकात वाचलं होतं. हवा काढून होताना मी आज बघतोय. बरं झालं बोललात. नाहीतर मी मारला असता त्याला."

दगडूला त्यातलं 'मारला' एवढंच ऐकू आलं. कौसल्येनं त्याच्या सदऱ्याची गळपट्टी धरली.

"इतकी वर्षं आम्हाला तोंड लावलं नाहीत," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा थंड होता की त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं, "आणि लावलंत ते असं?"

सिस्टरनं दोघांनाही बाहेर काढलं.

दगडू घरी गेला नाही. दुसऱ्या दिवशी पाळीवरही गेला नाही. इस्पितळाच्या फाटकाशी भय्याच्या चण्यांच्या टोपलीजवळ तो बसून राहिला. अंबिका भाकरी घेऊन आली, तिला त्यानं सगळं सांगितलं. तिनं त्याची पाठ थोपटली आणि "देव बघणारा आहे," एवढं म्हणून त्याच्या शेजारी बसली. वर जाऊन विचारायचं त्याला धैर्य झालं नाही. आत जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक वॉर्डबॉयचा चेहरा तो बघायचा, आणि त्याच्यावरून काही कळतंय का ते ताडायचा. वॉर्डबॉयच्या तोंडावरून कुणाला कधी काही कळलंय!

दुपार कलली तेव्हा कौसल्या फाटकातून बाहेर आली. दगडू उभा राहिला.

"वर बोलावलंय तुम्हाला," ती म्हणाली.

"वहिनी, तो...?"

"आहे." मग तिला त्याची दया आली असावी. "पहाटे फेस थांबला. घोटभर चहा घेतला. शिव्या देतोय तुम्हाला, पण शिव्या द्यायला श्वास लागतो ना. तेवढा आहे."

दगडू तिथंच फाटकाला कपाळ टेकून ढसाढसा रडला. अंबिकेनं पदर डोळ्यांना लावला. चणेवाल्यानं एक पुडी बांधून त्याच्या हातात कोंबली. कौसल्या दगडूकडं बघत राहिली, आणि तिचा राग गेला नव्हता, पण ती जिन्यात त्याच्यासाठी थांबली.

वर डॉक्टर विजयकर खाटेशी उभे होते आणि वैतागलेले होते.

"हे तुमचे दोस्त काय म्हणतात, ऐका. बाटलीवर लक्ष ठेवायला माणूस पाहिजे, सिस्टर एकटी, वॉर्ड भरलेला. मी म्हटलं, वहिनींना बसवू. तर म्हणतात, दगडूला बसवा! ज्यानं बुडवलं त्याच्याच हातात नाव द्यायची?"

राजाराम उशांच्या ढिगाला टेकून बसला होता. चेहरा कागदासारखा, डोळे खोल गेलेले. त्यानं हळूहळू, शब्दाशब्दाला थांबत सांगितलं. "त्यालाच बसवा, साहेब. आता अख्ख्या परळात... त्याच्याइतका नळीला... घाबरणारा माणूस... मिळायचा नाही."

डॉक्टरांना हसू आवरलं नाही. त्यांनी दगडूपुढं बोट नाचवलं. "बाटली खाटेच्या खालीच राहील. पाणी ह्या रेघेच्या खाली गेलं तर सिस्टरला हाक. आणि तोंड बंद."

"बंद, साहेब," दगडू म्हणाला.

"ह्याचा आवाज...?" कौसल्येनं विचारलं.

"जीव वाचलाय. फुप्फुस परत नीट सुकलं, पूर्ण उघडलं, तर आवाज येईल. आत्ता काही सांगत नाही."

दगडू गिरणीत रजा टाकून बाटलीपाशी बसला. खाटेखाली मान घालून घालून मान आखडली, तरी बसला. पाळीपाळीनं कौसल्या आणि तो. अंबिका दोघांसाठी डबा आणायची. कौसल्या आपल्या घरून आणायची. आणि खाणं एकाच कागदावर मांडलं जायचं. राजाराम थोडं थोडं जेवायला लागला. फेस गेला, घुर्रघुर्र गेली, खोकला गेला. प्रतापगडाचे ट्रक सुटले त्या सकाळी रस्त्यावरून घोषणा ऐकू आल्या. राजारामनं तोंड भिंतीकडं केलं.

"मी गेलो असतो रे," तो म्हणाला.

"माझ्यामुळं राहिलास."

"उसणीमुळं राहिलो. तुझ्यामुळं मरत होतो. दोन गोष्टी निराळ्या." मग तो म्हणाला, "दगडू. बरा झालो की मी साळखात्यात पुन्हा जागा मागणार. त्या दिवशी बोलला नव्हतास."

"नव्हतो बोललो."

"ह्या खेपेला?"

"बोलणार. एकटा असलो तरी बोलणार. डॉक्टरांसमोर बोलायला जड गेलं, त्यापुढं खात्यातली माणसं काय झाडाचा पाला?"

कौसल्या डबा पुसत होती. तिनं वर बघितलं नाही, पण तिनं लोणच्याची फोड दगडूच्या भाकरीवर ठेवली.

नळी काढायचा दिवस उजाडला. नव्या फोटोत उजवं फुप्फुस डाव्याइतकं दिसत होतं. डॉक्टरांनी तो फोटो सिस्टरला, कौसल्येला आणि उगाचच शेजारच्या खाटेलाही दाखवला. मग ते हात धुऊन आले. खाटेच्या एका बाजूला कौसल्या, दुसऱ्या बाजूला दगडू, राजारामचा हात हातात घेऊन.

"आता नीट ऐका," डॉक्टर म्हणाले. "छाती भरून श्वास घ्यायचा आणि धरून ठेवायचा. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही. तेवढ्यात मी नळी ओढतो. मध्येच श्वास घेतलात तर बाहेरची हवा आत शिरेल, आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर. कळलं?"

राजारामनं मान डोलावली. इतक्या दिवसांत तो कधी पूर्ण श्वास घेऊन बघायला धजला नव्हता.

"घ्या श्वास."

राजारामनं घेतला. त्याच्या बरगड्या वर आल्या, खांदे वर आले, अजून वर आले. दगडूला आपोआप त्याच्याबरोबर श्वास घेतला गेला. डॉक्टरांनी टाका सोडला, नळीला हात घातला. राजारामचं तोंड घट्ट मिटलेलं, गळ्याच्या शिरा ताठ. सळ्ळकन नळी बाहेर आली, सिस्टरनं तुपकट गॉज भोकावर दाबला, डॉक्टरांनी पट्टीवर पट्टी चिकटवली, कान लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं.

"हं. सोडा."

राजारामनं श्वास सोडला. मग दुसरा घेतला, भीत भीत. दुखलं नाही. तिसरा घेतला, तो खोल. त्याचा चेहरा बदलत गेला. त्यानं कौसल्येकडं बघितलं, डॉक्टरांकडं बघितलं, आणि मग दगडूकडं. दगडूचे गाल फुगलेले, तोंड लालभडक, डोळे बाहेर यायला आलेले. त्याला कुणी सोड म्हणून सांगितलंच नव्हतं.

"दगडू!" राजाराम गरजला. "मेल्या, श्वास सोड!"

वॉर्ड दणाणला. खिडकीच्या कठड्यावरची कबुतरं उडाली, त्या टोकाचा म्हातारा अंथरुणात उठून बसला, आणि सिस्टर डिमेलो "अहो हळू, हळू!" करत हात हलवायला लागली. दगडूचा श्वास फुस्सकन सुटला. आणि कौसल्या, जिनं फेस बघितला तेव्हापासून डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ती खाटेची दांडी धरून खाली बसली आणि आता खुशाल मोठ्यानं रडली.